खरा बाहू, पुठ्ठ्याचा पहाड

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून शिवकालावर बोलावे, संतवाङ्मयावर बोलावे, फार तर अर्थकारणावर बोलावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. अशा ठिकाणी दंडाला तेल चोळून पुठ्ठ्याचे पहाड भिरकावणाऱ्या, लटक्या सिंहाशी झोंबी घेणाऱ्या आणि मनगटाच्या झटक्यासरशी साखळदंड तोडणाऱ्या वीरांच्या जुन्या चित्रपटांचा विषय काढणे काही श्रोत्यांना पोरकटपणाचे वाटेल. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, हसू आवरू नये. हे चित्रपट हसण्याजोगे आहेतच. परंतु हसून झाल्यावर थोडा विचारही करावा. जी गोष्ट पन्नास वर्षे इटलीपासून कोल्हापुरापर्यंत कष्टकरी माणसाने पदरचे पैसे मोडून पाहिली, तिच्यात त्याचे स्वतःचे असे काहीतरी असलेच पाहिजे. ते काय होते, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या चित्रपटांची घडण पाहू. त्यांत खरे असे फारच थोडे असते. राजवाड्याचे खांब लाकडी सांगाड्यावर कापड व प्लॅस्टर चढवून केलेले असतात. वीर जो धोंडा डोक्यावर उचलतो तो आतून पोकळ असतो आणि जमिनीवर आदळल्यावर कधी कधी चेंडूसारखी उसळीही घेतो. आकाशातून येणारा बाण दोऱ्यावरून येतो. आपल्याकडे पौराणिक चित्रपटांतील चमत्कारांचे उस्ताद म्हणून गाजलेल्या बाबूभाई मिस्त्रींना १९३७ सालच्या 'ख्वाब की दुनिया' या चित्रपटापासून 'काला धागा' असे टोपणनावच पडले होते. कारण काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवून त्या आपोआप हलतात असा भास ते निर्माण करीत. थोडक्यात, या सृष्टीत पर्वत खोटा, सिंह खोटा, वादळ खोटे, दाढ्या खोट्या. खरी एकच वस्तू असते आणि ती म्हणजे वीराचे शरीर. ते पुठ्ठ्याचे करता येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचे जोर, बैठका आणि खुराक असतो, अथवा हमालीने कमावलेली पाठ असते. प्रेक्षक पहाडाला हसे, पण बाहूला हसत नसे. ज्याने स्वतः पोती वाहिली आहेत त्याला कोणता दंड कामाने घडला आहे, हे सांगावे लागत नाही.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. जगातील पुराणांनी बलाची जी दैवते निर्माण केली त्यांची स्थिती काय आहे, हे आपण तपासले तर मोठा चमत्कार दिसतो. ग्रीकांचा हर्क्युलस हा देवपुत्र खरा. पण त्याची कीर्ती ज्या बारा पराक्रमांवर उभी आहे ती बारा कामे त्याने एका दुबळ्या आणि भित्र्या राजाच्या हुकमावरून केली. त्यांतले एक काम तर तबेल्यातील शेण काढण्याचे होते! बायबलातील सॅम्सन शेवटी शत्रूच्या हाती सापडतो, त्याचे डोळे काढले जातात आणि गाझाच्या तुरुंगात त्याला जाते ओढायला लावले जाते. आपला भीम विराटाच्या घरी बल्लव होऊन स्वयंपाकघरात राबतो. मारुतीबद्दल तर बोलायलाच नको. तो स्वतःला रामाचा दास म्हणवण्यातच धन्यता मानतो. म्हणजे बलवान हा बहुधा कोणाचा तरी चाकर असतो. राजे बुद्धीने, कपटाने किंवा वारसाहक्काने होतात. बल मात्र राबणाऱ्याकडे असते, ही गोष्ट पुराणकारांना पक्की ठाऊक होती. हे चित्रपट जेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवतात तेव्हा ते कितीही ओबडधोबड असले तरी त्यांत जीव असतो. जेव्हा ते ती विसरतात आणि चाकराला मुकुट चढवतात, तेव्हा मागे नुसते स्नायू उरतात, असे आमचे मत आहे.

याचे पहिले प्रत्यंतर इटलीत मिळते. १९१४ साली जोव्हान्नी पास्त्रोने यांनी 'काबीरिया' नावाचा प्रचंड चित्रपट काढला. रोम आणि कार्थेज यांच्या युद्धाची ती कथा होती. तिच्यात मॅसिस्त नावाचा एक बलदंड गुलाम आहे. ही भूमिका करण्यासाठी त्यांना जिनोव्हाच्या बंदरावर काम करणारा बार्तोलोमेओ पागानो नावाचा गोदी कामगार मिळाला. त्याने कधी अभिनय केला नव्हता. त्याने जन्मभर ओझी उचलली होती. चित्रपट लागल्यावर लोक नायकाला विसरले आणि या गुलामाच्या प्रेमात पडले. पुढे मॅसिस्तचे स्वतंत्र चित्रपट निघू लागले. १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असता, मॅसिस्त डोंगरी पलटणीतला सैनिक झाला. मुसोलिनी १९२२ साली सत्तेवर आला आणि १९२४ साली मॅसिस्त पडद्यावर सम्राट झाला! दहा वर्षांत गुलामाचा सैनिक आणि सैनिकाचा सम्राट, अशी ही चढती कमान आहे. उघड्या छातीने छायाचित्रे काढून घेणारा हुकूमशहा ज्या देशात लोकप्रिय होत होता, त्या देशाच्या पडद्यावर हा प्रवास व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. राबणाऱ्याचे बल राज्यकर्त्याने उसने घेतले की काय होते, याचा तो एक धडा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात चित्रपटाच्या आधी, तालमीत आणि रंगभूमीवर झाली. आपल्या चिंचवडचे चापेकर बंधू सर्वांना माहीत आहेत. दामोदर हरी चापेकर यांनी २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली, ही शाळकरी मुलालाही ठाऊक असलेली घटना आहे. परंतु त्या आधीची काही वर्षे हे बंधू तरुणांना जमवून व्यायामाचे आणि हत्यारे चालविण्याचे शिक्षण देत होते, इकडे आपले लक्ष कमी जाते. शरीर कमावणे ही त्यांच्या लेखी शौकाची बाब नव्हती. ज्या समाजाच्या हातून शस्त्र काढून घेतले होते त्याचे ते उरलेले एकमेव भांडवल होते. तालमीच्या हौद्यात घुमणारा तो तरुण बोलू शकत नव्हता, कारण बोलणे राजद्रोह ठरत होते. त्याच्या वतीने बोलायला पुराणातला कोणीतरी हवा होता.

तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' नाटकात आणला. कथा महाभारताच्या विराटपर्वातली. दासी म्हणून राहणाऱ्या द्रौपदीवर राजाचा मेहुणा कीचक डोळा ठेवतो. ती भर दरबारात दाद मागते. राजा मान फिरवतो. कंक झालेला धर्मराज तिला धीर धरायला सांगतो. रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे जाते आणि भीम कीचकाचा निकाल लावतो. प्रेक्षकाला अर्थ सांगावा लागला नाही. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतभूमी, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. लंडनचा पत्रकार व्हॅलेंटाईन चिरोल यानेही १९१० सालच्या आपल्या ग्रंथात या नाटकाचा समाचार घेतला आणि त्याच साली सरकारने नाटकावर बंदी घातली. एका आचाऱ्याच्या गदेची एवढ्या मोठ्या साम्राज्याला धास्ती वाटावी, यापेक्षा भीमाचा दुसरा गौरव कोणता?

या ठिकाणी एक बारकावा आवर्जून सांगितला पाहिजे. या कथेत भीम आपणहून गदा उचलत नाही. एक स्त्री तक्रार करते, दरबार ती ऐकत नाही, तेव्हा तो ऐकतो. त्याचे बल हे न मिळालेल्या न्यायाची जागा घेते. दरबाराने द्रौपदीला न्याय दिला असता तर बल्लव आपल्या चुलीपुढेच बसून राहिला असता. बलवानाच्या कथेला अर्थ येतो तो या ऐकण्यामुळे. केवळ मारामारी तर बैलही करतात.

पुढे नाटकाचा भीम चित्रपटात आला. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढून मारुतीचे उड्डाण आणि लंकेची आग लोकांना दाखवलीच होती. मद्रासकडे आर. नटराज मुदलियार यांनीही त्याच सुमारास कीचकवधावर मूकपट काढला होता. परंतु भीमाला खरी भूमी मिळाली ती कोल्हापुरात. शाहू महाराजांचे कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. १९१२ साली तेथे खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले होते. त्याच गावात बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. परदेशी कॅमेरा आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून बाबूरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतःच्या हातांनी घडविला. ज्यांनी लेथवर उभे राहून एखादा सुटा भाग हजारांश इंचाच्या हिशेबाने उतरविला आहे, अशी माणसे या परिसरात घरोघर आहेत. सरकणारी फिल्म प्रत्येक चौकटीला नेमकी थांबवून पुन्हा पुढे सरकवणारे यंत्र एका चित्रकाराने गावातल्या गावात बनवावे, याची किंमत त्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' तयार झाला आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. भीम झाले होते बाळासाहेब यादव आणि कीचक झुंझारराव पवार. फाळक्यांना ज्या काळात सीतेच्या भूमिकेसाठी पुरुष उभा करावा लागला होता, त्याच काळात बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. रंगविलेल्या पडद्यांऐवजी उभारलेली बांधकामे वापरली. कीचकाच्या वधाचे दृश्य तर एवढे हुबेहूब उतरले की पुढे सेन्सॉरला त्याला कात्री लावावीशी वाटली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांनी लोकमान्य गेले. नाटकावर बंदी आली तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते. तोच कीचकवध आता पडद्यावर सजीव झालेला पाहून या थकलेल्या लोकनायकाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना प्रत्येकाने स्वतःच करावी.

स्वातंत्र्यानंतर मात्र एक नवा पेच उभा राहिला. कर्झन गेला, आता कीचक कोण? पुराणातील बलवान तसेच राहिले, पण त्यांच्यासमोरचा शत्रू पातळ झाला. नेमक्या याच काळात परदेशातही या वीरांचा सुळसुळाट झाला. सेसिल डी मिल यांचा 'सॅम्सन अँड डिलायला' १९४९ सालचा. त्यासाठी स्टीव्ह रीव्हज या व्यायामपटूचाही विचार झाला होता, पण त्याला अंगावरचे काही वजन उतरवायला सांगण्यात आले आणि ती भूमिका व्हिक्टर मॅच्युअर यांच्याकडे गेली. सिंहाशी झुंज देण्यास या सॅम्सनने साफ नकार दिला आणि ते काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे लागले, हेही प्रसिद्ध आहे! रीव्हजचे नशीब इटलीत उघडले. १९५८ साली तो पिएत्रो फ्रान्चिस्की यांच्या चित्रपटात हर्क्युलस झाला, एका अमेरिकन वितरकाने त्याची अफाट जाहिरात केली आणि मग सात-आठ वर्षे इटलीत अशा चित्रपटांचा कारखानाच चालू झाला. फ्रेंच समीक्षकांनी त्यांना ग्रीक वस्त्रावरून 'पेप्लम' असे थट्टेचे नाव दिले. १९६५ च्या सुमारास पिस्तुलवाल्या घोडेस्वारांचे चित्रपट आले आणि ही लाट ओसरली.

आपल्याकडे ही लाट एका पहिलवानाच्या खांद्यावर बसून आली. दारासिंग यांचा जन्म १९२८ साली अमृतसर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणी ते सिंगापूरला गेले आणि तेथे पिंपे बनविणाऱ्या एका कारखान्यात काम करता करता कुस्ती शिकले. गोदीतला पागानो आणि कारखान्यातले दारासिंग यांच्यातले हे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींच्या 'किंग काँग'मध्ये ते नायक झाले. १९६३ साली 'फौलाद' आला. १९६४ साली तर 'सॅम्सन' आणि 'हर्क्युलस' हे दोन्ही परदेशी वीर हिंदी बोलू लागले आणि १९६५ साली पुन्हा बाबूभाईंच्याच 'महाभारत'मध्ये दारासिंग भीम झाले. मोठ्या नट्या त्यांच्याबरोबर काम करायला नाखूष असत. मुमताजसारख्या तेव्हा धडपडणाऱ्या मुलीला त्यातूनच पहिली ओळख मिळाली.

हीच वर्षे आपल्या पट्ट्याच्या जन्माची आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढच्या काही वर्षांत आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळांवर मोटारींचे, दुचाकींचे आणि सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून माणसे कामाला आली. त्यांतल्या अनेकांनी लहानपणी गावच्या तालमीतली माती अंगाला लावली होती आणि जत्रेच्या तंबूत जमिनीवर बसून सिनेमा पाहिला होता. दिवसभर खरे लोखंड उचलणारा हा माणूस संध्याकाळी खोटा पहाड उचलणाऱ्या 'फौलाद'ला टाळी देत असेल, तर त्याला फसविले जात होते असे आम्ही मानत नाही. पडद्यावरचे इतर नायक सुटाबुटात गाणी म्हणत बागेत हिंडत होते. ज्याची मान जाड आहे, ज्याचे हात मोठे आहेत, ज्याला सफाईने बोलता येत नाही असा नायक एकच होता, आणि तो याच स्वस्त चित्रपटांत होता. अंगमेहनतीला पडद्यावर तेवढाच मान मिळत होता.

तरीही या चित्रपटांचा दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांतील बहुतेकांत वीराला कोणाचे ऐकायचेच नसते. दुष्ट प्रधान असतो, कैदेतला म्हातारा राजा असतो, राजकन्या असते. शेवटी वीर प्रधानाला मारतो आणि राजकन्या मिळवतो. तबेला कोणी साफ करीत नाही, जाते कोणी ओढत नाही, स्वयंपाकघरात कोणी राबत नाही. हर्क्युलसचे नाव राहिले आणि त्याचे काम गेले. द्रौपदीसारखी दरबाराला जाब विचारणारी स्त्रीही गेली. तिच्या जागी किंचाळणारी राजकन्या आली. १९०७ चा भीम सरकारला झोंबला, १९६४ चा हर्क्युलस कोणालाच झोंबला नाही, याचे कारण हेच आहे. बाहू तोच होता. तो ज्यासाठी उचलायचा ते कारण हरवले होते.

काळाने मात्र या प्रकरणाचा निवाडा मोठ्या मार्मिकपणे केला आहे. दारासिंगांनी पडद्यावर राजे मारले, राज्ये मिळवली, पण आज त्यांचा 'सॅम्सन' कितीजणांना आठवतो? १९७६ सालच्या 'बजरंगबली'त ते हनुमान झाले आणि पुढे जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरचा हा पहिलवान पुन्हा शेपूट लावून, हात जोडून उभा राहिला. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. २०१२ साली ते गेले तेव्हा लोकांनी आठवण काढली ती या सेवकाची. आपल्या खेड्यांतून मारुतीच्या दोन तऱ्हेच्या मूर्ती आढळतात: गदा उगारलेला वीर मारुती आणि हात जोडलेला दास मारुती. दोघेही एकच आहेत, हे आपल्या अडाणी समजल्या जाणाऱ्या आजीलाही समजत होते. स्वस्त चित्रपटांचे कारागीर ते अधूनमधून विसरत, एवढेच.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थोडी खेदाची. ज्या 'सैरंध्री'ने लोकमान्यांना हलविले, त्याची प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या युगात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले हाताच्या ओंजळीत मावतील एवढेच शिल्लक आहेत. ती फिल्म ज्वालाग्राही असे, आगीत जळे. आणि जी जळली नाही ती तिच्यातील चांदी काढण्यासाठी विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. फाळक्यांचा 'कालियामर्दन' बराचसा वाचला, हे भाग्य. थोर चित्रपटांची ही स्थिती, तर ज्यांना सगळेच हसत आले त्या हर्क्युलस-सॅम्सनांची वास्तपुस्त कोण करणार? परंतु कष्टकरी माणसाने स्वतःकडे कसे पाहिले, याची नोंद दुसऱ्या कोणत्या कागदावर सापडेल? इतिहासकार गिरणीचा ताळेबंद जपतात. गिरणीतला कामगार संध्याकाळी कशाला टाळी देत होता, हे जपणेही तितकेच अगत्याचे आहे.

आज चाकणच्या कारखान्यांत ओझी उचलायला यांत्रिक हात आले आहेत. ते थकत नाहीत आणि त्यांना खुराकही लागत नाही. दंडाची किंमत बाजारात घसरली आहे. अशा वेळी जुन्या बलवानांच्या कथा निरर्थक झाल्या असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. बल माणसाच्या हातून यंत्राकडे गेले, तरी विराटाच्या दरबारातला प्रश्न जागच्या जागीच आहे. ज्याच्या हाती बल आहे तो कोणाचे ऐकतो? सिंहासनावरून मान फिरवणाऱ्याचे, की रात्री स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या सैरंध्रीचे? बल्लवाने याचे उत्तर हातातली पळी खाली ठेवून दिले होते.